सायकलला मोटर : बचत नेमकी कशाची?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर शेवटच्या रांगेतल्या एका तरुणानं विचारलं होतं, "सर, जुन्या सायकलीले मोटर बसवली तं ते सायकलच राह्यते का गाडी होते?" सभागृहात हशा झाला, वेळ संपली होती, आणि प्रश्न तसाच राहिला. पण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात कायदा आहे, पदार्थविज्ञान आहे, घरखर्च आहे आणि थोडा आमचा विषयही आहे. म्हणून आजचं व्याख्यान त्यालाच दिलं आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आम्ही काही इंजिनिअर नाही. पण आमच्या घरच्या काळ्या सायकलीवर किट बसवून घेतल्याला आता दोन पावसाळे झाले. त्या निमित्तानं जे वाचलं, जे मोजलं आणि सायकलवाल्या मिस्त्रीला विचारून विचारून जे कळलं, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी आपली जमीन बघू. वाशिमचे रस्ते मोटारीतून सपाट दिसतात. सायकलवाल्याला विचारा. हे पठार पाणलोटाचं आहे. इथलं काही पाणी काटेपूर्णेतून तापीकडे जातं आणि काही पैनगंगेतून गोदावरीकडे. पाणी दोन दिशांना वाहतं याचा अर्थ मध्ये चढ आहे, आणि तो चढ कोणाला तरी रोज पायडलवर मारावा लागतो. काटा-तोंडगावकडून शहरात कामाला येणाऱ्या माणसाला तो उन्हात जास्त जाणवतो. मेडशीकडून पातूरला उतरणारा घाट तर सोडूनच द्या, तिथे भले भले उतरून चालतात.

आमच्या पिढीनं हे चढ सायकलीवर काढले. मग मोटरसायकल आली, हप्त्यावर मिळायला लागली, आणि सायकल घराच्या भिंतीला टेकली. आज शाळेचा स्टँड बघा, शिक्षकांच्या सगळ्या मोटरसायकली. २०२० साली ३ जूनला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनाला, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला, तेव्हा आमच्या वयाच्या कित्येकांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. पण वाटून काय उपयोग? आपणच सायकल सोडली होती. का सोडली, याची कारणं प्रामाणिकपणे बघितली तर आळस हे एकच कारण नाही. अंतरं वाढली, कामाच्या वेळा घड्याळावर आल्या, आणि आमच्यासारख्यांचे गुडघे गेले. साठी-सत्तरीतला माणूस मोटरसायकलीचं वजन सांभाळू शकत नाही, सायकलीचा चढ मारू शकत नाही. मग बँकेत जायचं असलं तरी पोराला म्हणावं लागतं, 'जरा सोडून दे रे.' हे वाक्य रोज म्हणणं कसं असतं, ते म्हणणाऱ्यालाच माहीत.

आता मोटर काय करते ते बघू. आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांनी सायकलचा डायनॅमो पाहिला आहे. मागच्या टायरला घासणारी ती बाटली. चाक फिरलं की बाटलीचं डोकं फिरायचं, आत चुंबक आणि तांब्याची तार, आणि पुढचा दिवा लागायचा. आठवा, डायनॅमो टायरला लावला की सायकल जड व्हायची. म्हणजे दिव्याचा उजेड फुकट नव्हता, तो आपल्या मांड्यांतून येत होता. मोटर म्हणजे हाच डायनॅमो उलटा चालवायचा. तिथे चाक फिरवून वीज मिळत होती, इथे वीज देऊन चाक फिरवायचं.

किटमध्ये ही मोटर चाकाच्या हबमध्येच असते. दिसायला हब जरा जाड, डब्यासारखा. त्याला आरे लावून रिममध्ये ओवलेलं अख्खं चाकच मिळतं. आतली मोटर ब्रशची नसते. तांब्याच्या गुंडाळ्यांचे तीन गट असतात आणि कोणत्या क्षणी कोणत्या गटात वीज सोडायची हे ठरवणारा एक डबा असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. चाक कुठपर्यंत फिरलं हे त्याला आतले छोटे सेन्सर सांगतात. पायडलजवळ आणखी एक सेन्सर असतो, तो फक्त एवढंच बघतो की तुम्ही पायडल मारताय की नाही. ब्रेकच्या मुठीत एक स्विच असतो, ब्रेक दाबला की मोटर बंद. आणि बॅटरी. बहुतेक किटमध्ये ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी असते. तिच्यावर १० अँपिअर-तास लिहिलेलं असलं तर ३६ गुणिले १०, म्हणजे ३६० वॅट-तास, तुमच्या मीटरवरच्या भाषेत एक युनिटच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा थोडी जास्त वीज त्यात मावते. एवढीच. लोक बॅटरी बघून फार मोठी कल्पना करून घेतात.

इथे हमखास एक प्रश्न येतो, तो आम्हीच घेऊन टाकतो. मागच्या चाकाला डायनॅमो लावला आणि त्यानं बॅटरी चार्ज करत राहिलो तर सायकल कायम चालणार नाही का? दर विज्ञान प्रदर्शनात एखादं पोरगं हा प्रयोग मांडतं, आणि मास्तर त्याला बक्षीस देतात, हे आम्हाला पटत नाही. सांख्यांनी सत्कार्यवाद सांगितला तेव्हा उदाहरण दिलं की तेल तिळातून निघतं, वाळूतून निघत नाही. कार्य कारणात आधी असावंच लागतं. मोटर चाक फिरवणार, चाक डायनॅमो फिरवणार, डायनॅमो मोटर फिरवणार. या फेऱ्यात प्रत्येक ठिकाणी थोडी उष्णता सांडते आणि नवीन काही येत नाही. उतारावर मोटरलाच डायनॅमो करून थोडी वीज परत घेता येते, पण ती सोय काही प्रकारच्या मोटरींतच आहे आणि सायकलीवर मिळकत फार थोडी. सायकलीला जास्त उपयोगी ती आत छोटे गिअर असलेली मोटर. ती हलकी असते, चढावर जोर देते, आणि बंद केली की आतल्या एकमार्गी खटक्यामुळे चाक मोकळं फिरतं. बॅटरी संपली तरी साधी सायकल म्हणून घरी येता येतं. आम्हाला तो गुण सगळ्यात मोठा वाटतो.

आता थोडी आकडेमोड, कारण तिच्याशिवाय पुढचं बोलणं हवेत जाईल. माणूस, सायकल आणि किट मिळून १०० किलो धरू. सपाट डांबरी रस्त्यावर, वारा नसताना, तासाला १५ किलोमीटरनं जायला साधारण ६० वॅट लागतात. धडधाकट माणूस बराच वेळ ७५ वॅटच्या आसपास ताकद देऊ शकतो, म्हणजे हा वेग आपल्या आवाक्यात आहे. त्याच रस्त्यावर २५ च्या वेगाला मात्र पावणेदोनशे वॅट लागतात. वेग दुप्पटही झाला नाही, पण ताकद तिप्पट लागली. हा हवेचा प्रताप. आणि चढाचं काय? शंभर मीटर जाताना तीन मीटर चढणारा रस्ता, ज्याला आपण मोटरसायकलीवर चढ म्हणणारही नाही, तिथे १५ च्याच वेगाला आणखी १२० वॅट लागतात. म्हणजे एकूण १८०. इथे पाय थांबतात, माणूस उतरतो. नेमक्या या १२० वॅटसाठी मोटर हवी. बाकी रस्त्यावर ती नसली तरी चालतं. हे लक्षात राहिलं तर अडीचशे वॅटची मोटर 'लहान' आहे असं कोणी म्हणणार नाही.

पण मोटर लावण्याआधी सायकल दुरुस्त करायची. हे आम्ही मिस्त्रीकडून नाही, फलटणकडून शिकलो. साताऱ्यातल्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, १९६८ पासूनची. तिथे डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षाला विजेची मदत देण्यावर काम केलं आणि २००२ साली त्याबद्दल 'करंट सायन्स' या नियतकालिकात लिहिलं. आज रस्तोरस्ती दिसणारी ई-रिक्षा तेव्हा आपल्याकडे कोणाच्या गावीही नव्हती. त्यांनी तीन गोष्टी केल्या होत्या. एक पूर्ण विजेची रिक्षा, एक पायडलला मोटरची मदत देणारी, आणि एक बिनमोटरीची सुधारलेली रिक्षा. आम्हाला त्या तिसरीचं कौतुक वाटतं. तिला गिअर दिले, ती लांबलचक चेन कमी केली, मागच्या चाकाला ब्रेक दिला. माणसाची अर्धी शक्ती यंत्राच्या वाईट रचनेत वाया जात असेल तर तिच्यावर मोटर चढवून आपण वाया जाण्यालाच वीज पुरवणार. आपल्या सायकलींचं तेच आहे. चेन कोरडी, बेअरिंगमध्ये माती, टायरमध्ये हवा निम्मी, चाकाला आउट. आधी हबात ग्रीस भरा, चाकाचा आउट काढून घ्या, हवा पूर्ण भरा. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना एवढं केल्यावर मोटरची गरजच वाटली नाही. किट विकणाऱ्याला हे आवडणार नाही, पण आम्हाला ते सांगितलं पाहिजे.

त्यातूनही बसवायचं ठरलं, तर काळ्या सायकलीची पहिली अडचण ब्रेकची. तिला सळईचे ब्रेक असतात. ते बारा-पंधराच्या वेगासाठी बरे, पंचविसाला नाही, पावसात तर नाहीच. शिवाय मोटर बंद करणारा स्विच केबलवाल्या ब्रेकच्या मुठीत असतो, सळईच्या दांडीत तो बसत नाही. म्हणून दोन्ही चाकांना केबलचे ब्रेक करून घेणं हा खर्च किटच्या खर्चातच धरायचा. दुसरी गोष्ट ॲक्सलची. साध्या चाकात ॲक्सल स्थिर असतो आणि त्याला काही करायचं नसतं. मोटरच्या चाकात मोटर जेवढ्या जोरानं चाक पुढे ढकलते तेवढ्याच जोरानं ॲक्सल उलटा फिरू पाहतो. नट ढिला असेल तर तो फोर्कच्या खाचेतून निसटतो, तारा तुटतात, आणि पुढचं चाक असेल तर माणूस तोंडावर पडतो. त्यासाठी टॉर्क आर्म नावाची एक लोखंडी पट्टी येते. तिचं एक टोक ॲक्सलला आणि दुसरं फोर्कला किंवा फ्रेमला घट्ट. किंमत किरकोळ, म्हणून दुकानदार विसरतो. आपण विसरू नये. फोर्क लोखंडाचाच हवा आणि गंजलेला नको. बॅटरी शक्यतो फ्रेमच्या मधल्या त्रिकोणात लावावी. कॅरिअरवर लावली की सायकल मागून जड होते, आणि कॅरिअर आपल्याला पिशवीसाठी, डब्यासाठी लागतंच. या सगळ्यानं सायकलीचं वजन सहा-सात किलोनं वाढतं. पहिले दोनशे किलोमीटर झाले की आरे एकदा पुन्हा ताणून घ्या, नवीन चाकाचे आरे ढिले पडतात.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. सायकल राहते की गाडी होते? मिलिंदपञ्हात हाच प्रश्न रथाबद्दल आहे. नागसेन भिक्खू मिलिंद राजाला विचारतात, तू रथातून आलास ना, मग सांग, रथ म्हणजे आस का, चाकं का, दांडी का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो, आणि शेवटी कबूल करतो की 'रथ' हे या सगळ्यांच्या मेळाला आपण व्यवहारासाठी दिलेलं नाव आहे. कायदा अगदी असाच वागतो. 'सायकलपण' नावाचं काही तत्त्व शोधत तो बसत नाही, व्यवहारासाठी रेषा ओढतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे विजेची मदत असलेली सायकल मोटार वाहन धरली जात नाही, पण अटी आहेत. मोटरची सलग अर्धा तास देता येणारी ताकद २५० वॅटपेक्षा कमी असावी. वेग वाढत जाईल तशी मदत कमी होत जावी आणि तासाला २५ किलोमीटरला, किंवा पायडल थांबवलं तर त्याआधीच, ती पूर्ण बंद व्हावी. बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत. चांगले ब्रेक आणि उजेड पडला की चमकणाऱ्या पट्ट्या. आणि हे सगळं मान्यताप्राप्त चाचणी संस्थेनं तपासलेलं असावं, जशी आपल्याकडे पुण्याची एआरएआय. या अटींत बसलं तर परवाना नको, नोंदणी नको, नंबरप्लेट नको.

बाजारात मात्र साडेसातशे आणि हजार वॅटची किटंही सर्रास मिळतात, आणि दुकानदार म्हणतो, 'सर, काही होत नाही.' होत नाही, जोपर्यंत काही होत नाही तोपर्यंत. ती सायकल कायद्याच्या नजरेत बिननोंदणीची, बिनविम्याची मोटरसायकल आहे. उद्या तिच्याखाली कोणाचं पोर आलं तर नुकसानभरपाई घरातून जाईल. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, सायकलीची फ्रेम, फोर्क आणि दोन बोटं रुंदीचे टायर चाळीसच्या वेगासाठी कोणी बनवलेले नाहीत. किट घेताना चाचणीचा कागद मागावा. नसेल तर दुसऱ्या दुकानात जावं.

आता आमच्या विषयाचा जो भाग आहे तो. किटच्या खोक्यावर हिरवं पान छापलेलं असतं. ही सायकल पर्यावरण वाचवते, असं ते पान सांगतं. वाचवणं म्हणजे काहीतरी न होणं. धूर न होणं, पेट्रोल न जळणं. म्हणजे बचत हा एक अभाव आहे. आणि आपल्या नैयायिकांनी अभावाबद्दल एक फार कामाची गोष्ट सांगून ठेवली आहे. नुसता अभाव नसतो, कशाचा तरी अभाव असतो. जमिनीवर घट नाही, तर तो घटाचा अभाव, आणि घट हा त्याचा प्रतियोगी. प्रतियोगी सांगितल्याशिवाय अभाव बोलताच येत नाही. मग आपण त्या हिरव्या पानाला विचारायचं, तुमच्या बचतीचा प्रतियोगी कोणता?

बघा हिशेब. आपली वीज बव्हंशी कोळशाची. इथून जवळच पारसला औष्णिक केंद्र आहे, २५० मेगावॅटचे दोन संच. तुमच्या बॅटरीत जे भरतं त्यात कोळसा आहेच. देशात एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पायडल मारत, मोटरची मदत घेत गेलात तर किलोमीटरला दहा वॅट-तासांच्या आसपास वीज लागते, चार्जरमधली गळती धरून बारा. म्हणजे किलोमीटरला आठ-नऊ ग्रॅम. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. मोटरसायकल लिटरला ५० चालली तर किलोमीटरला ४६ ग्रॅम. पाचपट फरक. शिवाय बॅटरी बनवतानाही कार्बन जातो, आपल्या ३६० वॅट-तासांच्या बॅटरीसाठी तो वीस-पंचवीस ते पस्तीस किलोपर्यंत धरता येईल. मोटरसायकल घरी ठेवून सहाशे ते हजार किलोमीटर गेलात की ते कर्ज फिटलं. रोज वीस किलोमीटर जाणाऱ्याचं दोन महिन्यांत.

पण हे तेव्हा, जेव्हा प्रतियोगी मोटरसायकल आहे. जो माणूस आजवर साध्या सायकलीनं जात होता त्यानं मोटर बसवली तर त्याचा आकडा शून्यावरून नऊवर गेला, आणि बॅटरीचं कर्ज वर. त्यानं पर्यावरणाचं काही वाचवलं नाही. त्याचे गुडघे वाचले असतील, वेळ वाचला असेल, ती कारणं खरी आणि पुरेशी आहेत. फक्त त्याला हिरवं पान लावू नये. आणि तिसरा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. किट घेतलं, चार दिवस हौसेनं चालवलं, आणि मोटरसायकलही पूर्वीसारखीच चालू. इथे काहीच कमी झालं नाही, एक वस्तू वाढली. आम्हाला कोणी विचारतं, घेऊ का? तेव्हा आम्ही उलट विचारतो, आठवड्यातल्या कोणत्या फेऱ्या मोटरसायकलीच्या बंद होतील? नाव घेऊन सांगा. शाळेची? बाजाराची? शेताची? उत्तर आलं तर घ्या.

पैशालाही हाच नियम लागू. केबलचे ब्रेक धरून आणि बॅटरीसकट वीस-पंचवीस हजार लागतात असं समजा, त्यातला निम्मा भाग बॅटरीचा. रोज वीस किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे ५०० किलोमीटर. पेट्रोल दहा लिटर, १०५ रुपयांनी एक हजार पन्नास. विजेचे सहा युनिट, दहा रुपयांनी साठ. दर महिन्याला हजाराच्या जवळपास उरतात, दोन वर्षांत किट फिटतं. हे दुकानदारही सांगेल. तो सांगत नाही ते असं, की बॅटरी पाचशे-सातशे वेळा पूर्ण चार्ज झाली की उतरायला लागते, म्हणजे तीन-साडेतीन वर्षांनी दहा-बारा हजार पुन्हा काढावे लागतात. ते धरले तरी वीज आणि बॅटरीची झीज मिळून किलोमीटरला ऐंशी पैशांच्या आसपास पडतं, पेट्रोल दोन रुपये दहा पैसे. फरक उरतो. शिशाची बॅटरी स्वस्त मिळते, पण तिचं वजन बारा किलोच्या घरात आणि आयुष्य निम्मं. ती घेऊ नये.

एक निवड आणखी राहते, पायडलबरोबर मदत की नुसती मूठ पिळून पळणं. दोन्ही सोयी एकाच किटमध्ये येतात. मूठ पिळत गेलात तर त्याच बॅटरीत पस्तीसच्या ऐवजी वीस-बावीस किलोमीटर मिळतील, हा झाला हिशेब. पण त्याच्या मागे जुना वाद आहे. गांधीजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज्य'मध्ये रेल्वेवर टीका केली तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की माणसाच्या हिंडण्याला त्याच्या शरीरानंच मर्यादा घातली आहे. पुढे त्यांना विचारलं गेलं की तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरुद्ध आहात का, तेव्हा त्यांनी शिवणयंत्राला सूट दिली. कसोटी अशी की यंत्रानं माणसाचे अवयव निकामी करू नयेत. इव्हान इलिच नावाच्या विचारवंतानं १९७४ मध्ये ऊर्जा आणि समता यांच्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्याचा दावा असा की रस्त्यावरचा वेग तासाला पंचवीसेक किलोमीटरच्या पुढे गेला की वेळ आणि जागा काही थोड्यांच्या वाट्याला जातात आणि बाकीचे रस्त्याच्या कडेला ढकलले जातात. त्याची आवडती वस्तू सायकलच होती. आपल्या नियमातलेही पंचवीसच. हा योगायोग असेल, नियम करणाऱ्यांनी इलिच वाचला असेल असं आम्हाला वाटत नाही! पण समृद्धी महामार्ग आपल्याच मालेगाव-कारंज्याच्या शिवारातून जातो आणि त्यावर सायकलीला मज्जाव आहे, हे लक्षात घेतलं की इलिचचा मुद्दा समजायला पुस्तक लागत नाही.

या कसोटीवर पायडलची मदत उतरते आणि मूठ उतरत नाही, असं आमचं मत आहे. पायडलच्या मदतीत तुम्ही थांबलात की यंत्र थांबतं. त्याला तुमचा पाय लागतो. आमच्या वयात डॉक्टर चालायला सांगतात, गुडघा चालू देत नाही. हलकं पायडल मारत, चढाचे ते १२० वॅट मोटरकडून घेत गेलं की पाय हलते राहतात. ज्यांना पायानं अधू असल्यामुळे मूठच लागते त्यांची गोष्ट वेगळी, तिथे कसोटी लावायला जाऊ नये.

मुलींच्या बाबतीत आम्हाला यात जास्त रस आहे. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. त्या सायकलीनं किती मुलींची शाळा टिकली, हे आपण सगळ्यांनी आजूबाजूला पाहिलं आहे. पण बारावी झाली की कॉलेज तालुक्याच्या गावाला, अंतर पाचाचं बारा होतं, एसटीची वेळ जमत नाही, आणि सायकल कोपऱ्यात उभी राहते. तीच सायकल, दुरुस्त करून, चांगले ब्रेक लावून, २५० वॅटची मदत घेऊन बारा किलोमीटर सहज जाईल. बापाला मोटरसायकल घेऊन द्यायची नसते, परवाना नसतो, तिथे हा रस्ता मोकळा आहे. इथे प्रतियोगी मोटरसायकलही नाही. इथे ज्याचा अभाव करायचा तो घरी बसणं आहे. वाशिमहून रिसोड किंवा कारंजा मात्र कोणी मनात आणू नये, एवढं अंतर एका चार्जमध्ये होत नाही आणि रस्ताही ट्रकचा आहे.

शेवटी आपल्या हवेबद्दल, कारण किटच्या पुस्तिका वाशिमचा मे महिना बघून लिहिलेल्या नसतात. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. आपल्याकडे सावलीतच ४२-४३ होतं, पत्र्याच्या शेडमध्ये किती होत असेल ते तुम्हीच सांगा. दुपारी आल्या आल्या चार्जर लावायचा नाही. बॅटरी काढून घरात आणायची, निवू द्यायची, आणि संध्याकाळी, कोणी जागं असताना, दोन अँपिअरच्या चार्जरनं पाचेक तास. रात्रभर उशाशी नको. तिचाच चार्जर वापरायचा, दुसऱ्या गाडीचा नाही. फुगलेली, आपटलेली, पुरात भिजलेली बॅटरी पुन्हा लावून बघायची नाही. पावसाळ्यात तारांचे जोड खालच्या बाजूला तोंड करून बांधले तर पाणी आत शिरत नाही. पाण्याच्या फवाऱ्यानं सायकल धुवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची.

आणि बॅटरी संपली की ती भंगारवाल्याला द्यायची नाही. तो ती फोडेल, आणि फोडताना ती पेटते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि आपली जबाबदारी ती बाकीच्या कचऱ्यात न टाकण्याची. कागदावर हे सरळ आहे. प्रत्यक्षात तीन वर्षांनी दुकानदार म्हणेल, 'आम्ही फक्त विकतो.' म्हणून विकत घेतानाच विचारायचं, जुनी परत घेणार का, कुठे आणि कशी. आणि तो हो म्हणाला तर ते पावतीवर लिहून घ्यायचं.